पाण्यात उभं राहणं

१० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

फोनवर आपल्या दोघींना काय होतं कळत नाही. जेवलीस का, आई कशी आहे, एवढं विचारून झालं की दोन्हीकडे शांतता, आणि मग कुणीतरी म्हणतं, बरं, ठेवते. म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. पत्रात निदान गप्प बसलेलं ऐकू येत नाही.

दादाला जाऊन वर्ष झालं. वर्षाच्या दिवशी मी यायला हवं होतं. तू नको म्हणालीस आणि मला जरा सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकते.

इथलं सांगते. तलावावर नवी तुकडी आलीय, पाच ते सात वर्षांची. सगळे काडीपहिलवान. पहिल्या दिवशी निम्मी रडली, दुसऱ्या दिवशी त्यांना बघून उरलेली रडली. आमचे शिट्टीकाका काठावर खुर्ची टाकून बसतात आणि कुणी नुसतं शिंकलं तरी शिट्टी वाजवतात. त्यांना पाण्यात उतरलेलं मी कधी पाहिलेलं नाही.

आईबापांना घाई असते. चौथ्या दिवशी विचारतात, हा अजून पोहत कसा नाही? मी सांगते, पोहणं नंतर. आधी पाण्यात उभं राहता आलं पाहिजे. पायाखाली जमीन नसताना तोंड वर ठेवून, न घाबरता, तिथल्या तिथं. पुढं जाता नाही आलं तरी चालेल, कुणी येईपर्यंत टिकता आलं पाहिजे. लहान मुलांना मी सगळ्यात आधी हेच शिकवते. एखाद्याला चार दिवसांत जमतं, एखाद्याला महिना लागतो.

मी सगळ्यांना नावं ठेवलीत. एक बदक आहे, एक कासव, एकानं तर स्वतःहून म्हैस हे नाव मागून घेतलंय. आणि एक गोगलगाय. सहा वर्षांची असेल. पाण्यात उतरते, पण भिंत सोडत नाही. दोन्ही हातांनी काठ धरून भिंतीभिंतीनं अख्खा तलाव फिरते. बोटांची पेरं पांढरी पडतात. मी 'सोड' म्हटलं की आणखी घट्ट धरते. बाप बेकरीत भट्टीवर असतो, केसांत पीठ तसंच घेऊन तिला सोडायला येतो. 'पाण्याला घाबरते, बाकी काही नाही,' एवढंच म्हणाला. इतकी वर्षं शिकवतेय, पण ही पोरगी मला दाद देत नाही.

आईचा डोळा कसा आहे? नवा चष्मा तूच करणार ना?

तुझी
धाकटी


१७ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

आईंचा डोळा चांगला आहे. पट्टी काढल्यावर पहिलं काय बोलल्या असतील? 'भिंतीला रंग द्यायला झालाय.' चष्मा मीच करणार. पण डॉक्टर म्हणतात अजून थोडं थांबा, नंबर बसू दे.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. पाण्याचं सगळं गाळलं. त्यामुळे फारच छोटं झालं. आई म्हणाल्या, 'एवढंच? हिला लहानपणी गप्प बसवायचं तर लाच द्यावी लागायची.'

त्या दिवशी तू आली नाहीस ते बरंच झालं. मी कामावर गेले होते. दिवसभर चष्म्याच्या काचा घासल्या. मालक म्हणाले घरी जा, मी म्हटलं नको.

तुझ्या गोगलगाईबद्दल सांगते. मला पोहण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण घाबरलेली मुलं मीही रोज बघते. पहिला चष्मा लागलेली. फ्रेम जवळ नेली की मान मागं जाते आणि दोन्ही हात तोंडावर. 'हात काढ बाळा' म्हटलं की संपलंच. मी तसं म्हणतच नाही. मोठा आरसा त्यांच्या हातात देते. जड आहे, दोन्ही हातांनी धर, पडला तर मालक मला ओरडतील. मग ते मूल आरसा सांभाळत बसतं आणि तेवढ्यात चष्मा नाकावर जातो.

हातातलं सोडायला कुणालाच आवडत नाही गं. तिच्या हाताला दुसरं काम दे.

वहिनी


२ मार्च

प्रिय वहिनी,

तुला आमच्या तलावावर नोकरी लावून घ्यायला पाहिजे.

शिट्टीकाकांनी काठावर चार कुंड्या ठेवल्यात, त्यांची छोटी झारी आहे. ती मी मागून आणली. काका डोक्यावरचे केस गेल्यापासून उन्हाला फार वैतागतात. त्यांना काठावर पाठमोरं बसवलं आणि गोगलगाईला म्हटलं, 'काकांचं डोकं तापलंय, पाणी घाल.' तिनं एका हातानं भिंत धरून दुसऱ्या हातानं झारी भरली. पण भरलेली झारी एका हातानं उचलवेना. बघत राहिली. झारीकडे बघितलं, डोक्याकडे बघितलं. आणि दुसरा हात सुटला.

छातीएवढ्या पाण्यात दोन्ही हात मोकळे, आणि काकांच्या टकलावर धार. काका शिट्टी तोंडात धरून गप्प. म्हैस ओरडली, 'माझं पण, माझं पण.' नंतर सगळ्या तुकडीनं काकांना अंघोळ घातली.

आता ती माझा हात धरून मधोमध येते. हसत नाही, पण येते. बाप जाळीच्या पलीकडून बघत होता. त्यानं तोंड फिरवून टोपीनं डोळे पुसले. मला वाटलं, एवढं काय त्यात? पण बापाचं काळीज, आपल्याला काय कळणार.

पाण्याचं लिहू नको असं तू म्हणाली नाहीस, म्हणून लिहिते. नको असेल तर सांग.

धाकटी


९ मार्च

प्रिय धाकटे,

लिहीत जा.

यावेळी मी आईंना गोगलगाईचं वाचून दाखवलं. आधी मनात वाचलं, मग म्हटलं यात न ऐकण्यासारखं काय आहे? टकलावरच्या धारेला आई इतक्या हसल्या की मला त्यांचा डोळा धरावा लागला. रात्री जेवताना पुन्हा विचारलं, 'ती काठ सोडणारी पोरगी कुणाची म्हणालीस?' आता रोज विचारतात. तुझं पत्र उशिरा आलं तर मला उत्तरं बनवावी लागतील.

सोबत छोटा गॉगल पाठवतेय, पोहायचा. दुकानात लहान मापाचे फारसे कुणी घेत नाही, पडून होता. पट्टा सैल वाटला तर मागून एक गाठ मार. डोळ्यांत पाणी जायची भीती गेली की मूल निम्मं मोकळं होतं, असं मला वाटतं. चुकत असेन तर तू हस.

काल काच घासता घासता मलाच हसू आलं. शेजारचा म्हणाला, 'काय झालं?' मी म्हटलं, 'काही नाही.' खूप दिवसांनी कुणी मला हे विचारलं आणि उत्तर खरं होतं.

वहिनी


२४ मार्च

प्रिय वहिनी,

गॉगल मिळाला. आभारी आहे. इथं काम फार आहे, त्यामुळे सविस्तर लिहिता येत नाही. ऊन वाढलंय. आईला जप.

धाकटी


३० मार्च

प्रिय धाकटे,

तुझं पत्र बघून आई म्हणाल्या, 'हे धाकटीचं नाहीच. पोस्टमननं स्वतःच लिहून टाकलं.'

काय झालं? गॉगल बसला नाही का? की पोरीनं येणं बंद केलं? माझं ऐकून तू घाई केलीस आणि ती पुन्हा घाबरली, असं काही झालं असेल तर स्पष्ट सांग. चष्म्याचं ठीक आहे, नाक बुडत नाही. पाण्याच्या बाबतीत मी शहाणपणा शिकवायला नको होता. मला चुटपुट लागून राहिलीय.

आईंना मी सांगितलंय की गोगलगाईला सर्दी झालीय. फार दिवस सर्दी चालणार नाही.

वहिनी


३ एप्रिल

वहिनी,

पोरगी ठीक आहे. तुझं काही चुकलं नाही.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आईला वाचून दाखवू नकोस. आधी तू एकटी वाच.

ते चार ओळींचं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी मी पहिल्यांदाच मुलांना खोल बाजूला नेलं. कमरेला फुगे बांधले होते. पाय कसे हलवायचे ते काठावर बसवून आधीच घोटून घेतलं होतं, हातांचं सांगायचं राहिलं होतं. मी तोंड उघडणार एवढ्यात गोगलगाय म्हणाली, 'हातांनी लोणी लावायचं ना?'

मी म्हटलं, 'काय?'

'पाय सायकल, हात लोणी.'

वहिनी, मी हे कुठल्याच मुलाला शिकवत नाही. मुलांना मी सांगते, टेबल पुसल्यासारखे हात फिरवा. तुमच्या लग्नाच्या आधीच्या उन्हाळ्यात दादाला शिकवत होते, तेव्हा तो म्हणाला, 'मी जन्मात कधी टेबल पुसलंय का?' तुला माहीतच आहे, सकाळी कामावर पळताना तो उभ्या उभ्या पावाला लोणी फासायचा. म्हणून मी म्हटलं, बरं बाबा, लोणी लाव. हाताचे तळवे पाण्यावर सपाट, इकडून तिकडे, तिकडून इकडे. पाय सायकल, हात लोणी. ते फक्त त्याचं होतं. त्याच्याशिवाय जगात कुणाला माहीत असायचं कारण नाही.

मी तिला विचारलं, 'तुला कुणी सांगितलं?'

'काकांनी.'

'कुठल्या काकांनी?'

'पाण्यातल्या,' ती म्हणाली, आणि हात हलवत राहिली. अगदी बरोबर हलवत होती.

बाप न्यायला आला तेव्हा मी त्याला फाटकाजवळ थांबवलं.  तो म्हणाला, 'बाई, तुम्ही घ्याल की नाही या भीतीनं सांगितलं नाही.' गेल्या वर्षी खाडीत लाँच उलटली त्यात ही होती. आजीबरोबर चालली होती. आजी गेली. हिला एका माणसानं पाण्यात धरून ठेवलं होतं, होडी येईपर्यंत. हिला वर दिलं आणि होडीवाले त्याला घ्यायला वळले तर तो नव्हता. लिफ्ट दुरुस्त करणारा होता म्हणे. त्याच्या बायकोला भेटायला जायचं होतं, पण तिनं निरोप पाठवला, येऊ नका. मग पाण्यापासून लांब म्हणून त्यांनी ते गाव सोडलं आणि इथं आले. पोरगी अंघोळीलाही बसेना, म्हणून डॉक्टरांनी तलावावर घालायला सांगितलं.

मी कोण ते मी त्याला सांगितलं नाही.  तो म्हणाला, 'उद्या आणू ना हिला?' मी मान हलवली. कशी हलवली तेही आठवत नाही.

तुझ्यापासून लपवायचं नव्हतं. कसं लिहायचं ते कळत नव्हतं.

धाकटी


११ मे

धाकटे,

महिन्याहून जास्त झाला. तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. आईंना वाटतं दुकानात काम वाढलंय.

मी त्या लोकांना येऊ नका म्हटलं, त्यांचा राग होता म्हणून नाही. ती मुलगी मला बघायची नव्हती. तिला बघितलं असतं तर मी हिशेब मांडला असता. हिच्या बदल्यात तो. लहान मुलाकडे बघून असा विचार करणारी बाई मला माझ्या घरात नको होती. आणि आता कळतंय की मी तिच्यासाठी गॉगल निवडला. तीन रंग होते, त्यातला निळा घेतला.

आणखी एक आहे. ते मी कधीच लिहिणार नव्हते. पण आता मनात ठेवलं तर तुझ्याशी पुन्हा कधीच बोलता येणार नाही.

मी तिथं जाऊन आलेय. कुणाला सांगितलं नाही. धक्क्यावर उभी राहिले आणि एका माणसाला विचारलं, लाँच कुठं उलटली. त्यानं हात करून दाखवलं. धाकटे, काठ दिसत होता. काठावर कपडे वाळत घातलेले दिसत होते. त्या माणसानं सहज सांगितलं, ज्यांना पोहता येत होतं ते सगळे बाहेर आले.

तू त्याला नुसतं उभं राहायला शिकवलंस. तू, जी अख्ख्या गावाच्या पोरांना पोहायला शिकवतेस, तुझ्या सख्ख्या भावाला तू पाण्यात एका जागी उभं राहायला शिकवलंस आणि सोडून दिलंस. पहिल्या पत्रात तू लिहिलंस, पुढं जाता नाही आलं तरी चालेल. ते वाचून मी कागद उलटा ठेवला होता. चालत नाही. नाही चाललं.

हे अन्यायाचं आहे हे मला कळतं. तरी लिहिलं.

वहिनी


१६ मे

वहिनी,

तुझं खरं आहे.

तरी कसं झालं ते तुला माहीत असावं, म्हणून लिहिते. त्याला तोंड पाण्यात घालवत नव्हतं. लहानपणी कान फुटला होता, तेव्हापासून. उभं राहायला मात्र पटकन शिकला. दिवसभर सायकल आणि लोणी करत बसायचा, आणि काठावरच्या माणसांशी गप्पा. मी म्हटलं, आता पुढचं शिक. म्हणाला, 'मला कुठं जायचंय पोहून? बुडू नये, एवढं पुरे.' मी हसले. पुन्हा कधी आग्रह केला नाही. नंतर माझी बदली झाली, तुमचं लग्न झालं. दर सुट्टीत म्हणायचे, या वर्षी तुला शिकवते. तोही म्हणायचा, हो हो.

बातमी आली त्या दिवसापासून मी हेच मोजतेय. तुझ्या तोंडून ऐकलं म्हणून जास्त लागलं असं नाही. उलट वाटलं, बरं झालं, आता दोघींना माहीत आहे.

गोगलगाईला मी दुसऱ्या बाईंच्या तुकडीत दिलं. मला तिच्याकडे बघून शिकवता येईना. तिचे हात हलताना मला त्याचे हात दिसतात. त्या बाई चांगल्या आहेत, पण पोरगी आता पायरीवर बसून असते, पाय वर घेऊन. बाप येतो, मला बघतो, काही विचारत नाही. त्याला वाटतं लाँचचं कळलं म्हणून मी तिला टाकली.

धाकटी


२ जून

प्रिय धाकटे,

आईंचा चष्मा झाला. काल घातला, आणि पहिल्यांदा माझ्याकडेच नीट बघितलं. म्हणाल्या, 'किती वाळलीस गं.' मग म्हणाल्या, 'धाकटीची पत्रं येतात आणि तू वाचून दाखवत नाहीस. मला डोळा नव्हता, कान होते. पाकीट फाडलेलं ऐकू येतं.'

मग सगळं वाचलं. पहिल्यापासून. मी तुला लिहिलं तेही तोंडी सांगितलं, जसंच्या तसं. मला वाटलं त्या रडतील, नाहीतर मला बोलतील. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ पुसत बसल्या. मग विचारलं, 'पोरगी पायरीवर बसते म्हणजे, किती दिवस बसणार?'

मी म्हटलं, 'मला काय माहीत.'

'तिला तिथं बसवण्यासाठी का तो पाण्यात थांबला होता?'

एवढंच. मग भाजी निवडायला घेतली. मला त्यांच्यासमोर बसवेना आणि उठवेना.

तुला माफ केलं असं लिहीत नाही. माफ करायला तू काय केलंस तेही मला नीट सांगता येणार नाही. राग आहे. तो सकाळी असतो, संध्याकाळी कमी होतो, पुन्हा सकाळी असतो. त्याचं मी बघून घेईन.

पण तिला परत घे. आणि तिला नुसतं उभं राहायला शिकवून सोडू नकोस. काठापर्यंत पोचायला शिकव. तोंड पाण्यात घालायला लाव, रडली तरी लाव. या काठापासून त्या काठापर्यंत तिची ती गेली की मला कळव. त्याआधी पत्र नको.

वहिनी


२८ जून

प्रिय वहिनी,

गेली. आज सकाळी, तलावाच्या रुंदीतून, या काठापासून त्या काठापर्यंत. दिसायला काही सुंदर नव्हतं. निम्मी कुत्र्यासारखी, निम्मी बेडकासारखी, मधे एकदा थांबून, उभी राहून, दम खाऊन पुन्हा. पण कुणाला हात लावला नाही. शिट्टीकाका अख्ख्या कपड्यांनिशी पाण्यात उतरून तिच्या शेजारनं चालत होते. उतरले कधी ते मला दिसलंच नाही.

तिला परत घेतलं त्या दिवशी मी तिच्या वडलांना सांगितलं मी कोण ते.  त्यानं टोपी काढून हातात घेतली आणि तसाच उन्हात उभा राहिला. मीही उभी राहिले. शेवटी पोरगीच म्हणाली, 'चला ना, पाणी थंड होईल.'

आता जे सांगते ते वाचायचं की नाही ते तू ठरव.

खोल पाण्यात उभं राहिलो की ती बोलते. जमिनीवर अगदी मुकी, पण पाण्यात तोंड बंद नसतं. मी एकदा म्हटलं, दम राखून ठेव. तर म्हणाली, 'काका म्हणाले बोलत राहायचं. गप्प बसलं की थंडी वाजते.' मी काही विचारलं नाही. मी कधीच विचारलं नाही. ती आपणहून थोडं थोडं सांगत गेली, आणि मी समोर हात हलवत ऐकत गेले.

त्यानं तिला आधी पाठीवर घेतलं होतं, मग पोटाशी. त्यानं सांगितलं की तो लिफ्टचा डॉक्टर आहे. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना तो वरून ओरडून सांगतो, हलू नका, आलोच. म्हणून तूही घाबरू नकोस, तिकडूनही कुणीतरी म्हणत असेल, आलोच. एकदा लिफ्टमध्ये एक गलेलठ्ठ शेठ आणि त्यांचं कुत्रं अडकलं होतं आणि कुत्र्यानं शेठचा डबा खाल्ला, ती गोष्ट त्यानं तिला दोनदा सांगितली. तिनं पुन्हा सांग म्हटलं म्हणून. ती आजी कुठाय विचारायची, तो म्हणायचा, तुझे पाय थांबले बघ, सायकल चालव.

तिनं विचारलं, काका तुम्ही जात का नाही काठावर? तो म्हणाला, 'मला एवढंच येतं.' हे त्यानं हसून सांगितलं, असं ती म्हणते. मला खोटं वाटत नाही. तुलाही वाटणार नाही.

आणि तो म्हणाला की त्याला उशीर होतोय. त्याला उशीर झाला की त्याची बायको दारात येऊन उभी राहते. आत बसत नाही. चहा निवतो, पण आत जात नाही, अशी आहे ती. मग होडी आली. त्यानं तिला वर ढकललं आणि म्हणाला, 'जा.' त्याच्यापुढचं तिला आठवत नाही.

आज त्या काठाला हात लावल्यावर ती दम खात तिथंच लोंबकळत राहिली. मी जवळ गेले. मला वाटलं आता म्हणेल, मला आलं. तर तिनं गॉगल कपाळावर केला आणि विचारलं, 'बाई, त्या काकांची बायको अजून दारात उभी आहे का?'

 मी म्हटलं, विचारून सांगते.

तुझी
धाकटी


४ जुलै

प्रिय धाकटे,

पत्र दुकानात नेलं होतं. दुपारी वाचलं. मग घरी येऊन आईंना वाचून दाखवलं, काही न गाळता. कुत्र्यानं डबा खाल्ला तिथं आई हसल्या. ती गोष्ट त्यांनी शंभर वेळा ऐकलीय. पुढं मला वाचवेना, तर त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि नव्या चष्म्यानं स्वतः वाचला. मोठ्यानं, अक्षर अक्षर लावत.

त्या दिवशी मी खरंच दारात होते. अंधार पडला, समोरच्यांनी दिवा लावला, तरी होते. मला राग आला होता. मनातल्या मनात त्याला बोलत होते की एक फोन करायला काय होतं. त्या वेळी तो कुणाला तरी माझ्याबद्दल सांगत होता. मी इकडे चिडलेली, आणि तो तिकडे मला ओळखून होता. वर्षभर वाटत होतं की त्याच्या शेवटच्या वेळी मी कुठंच नव्हते.

त्याला भीती वाटली असेल का, हे मला विचारायचं होतं. विचारणार नाही. तिला जेवढं आठवतं तेवढं तिचं राहू दे. मोठी झाली की कदाचित आणखी आठवेल, तेव्हा तिच्याजवळ कुणीतरी असावं. तू असशील तर बरं.

मी इतक्यात येणार नाही. येईन असं वाटतंय, पण मला तारीख विचारू नकोस. तिच्या वडलांना सांग, त्यांना यायचं असेल तर त्यांनी यावं. रविवारी आम्ही दोघी घरीच असतो. मुलीला आणायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. आई म्हणतात, आणा.

आणि तिनं विचारलंय त्याचं उत्तर. हे पूर्ण खरं नाही, अजून थोडे दिवस खरं होणार नाही. पण सहा वर्षांच्या मुलीनं हे ओझं घेऊन पाण्यात जाऊ नये. तिला सांग, ती बराच वेळ उभी होती. मग तिला निरोप मिळाला, आणि ती आत गेली.

तुझी
वहिनी